टेंभुर्णी : पान आणि गाभा

सोलापूर शहराचे नाव निघाले की बहुतेकांस तेथील चादरी आठवतात. मागांचा खडखडाट आणि सोलापूर यांचे नाते सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु या शहरात आणखी एक आवाज अनेक पिढ्या ऐकू येत आला आहे. तो आवाज कात्रीचा होय. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांच्या ओसरीवर स्त्रिया मांडीवर सूप घेऊन बसतात, ओलसर पाने एका मापाची कापतात आणि त्यांच्या विड्या वळतात. हे पान ज्या झाडाचे, त्या झाडाचे नाव टेंभुर्णी. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर याच नावाचे एक मोठे गाव आहे. त्या गावावरून नित्य जाणारे लोक पुष्कळ आहेत. पण टेंभुर्णी हे एका झाडाचेही नाव आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

पान पाहून या झाडाची खरी ओळख पटत नाही. त्याचे पान हलके, पातळ आणि दोन बोटांत सहज गुंडाळता येईल असे असते. याउलट त्याच झाडाच्या खोडाच्या अगदी मध्यभागी जे लाकूड तयार होते, ते कोळशासारखे काळे, दगडासारखे कठीण आणि अतिशय जड असते. त्या काळ्या लाकडास आबनूस म्हणतात. एकाच झाडाने मनुष्यास दिलेली ही दोन दाने परस्परांहून किती भिन्न आहेत! पान हाती येण्यास काही आठवडे पुरतात. काळा गाभा तयार होण्यास मात्र कित्येक दशके लागतात. या दोहोंपैकी मनुष्याने कशाची निवड केली आणि तिचा परिणाम काय झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या झाडाच्या नावांकडे पाहू. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात त्यास टेंभुर्णी किंवा टेंभरू म्हणतात. विदर्भात तेंदू हे नाव रूढ आहे. संस्कृतात तिंदुक असे नाव आढळते. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा बोलणारे लोक शेजारीशेजारी नांदतात. तेथील तेलुगू भाषक कुटुंबे विडीच्या पानास तुनिकाकु म्हणतात. तुनिकी हे झाडाचे नाव आणि आकु म्हणजे पान. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाचे शास्त्रीय वर्णन करून त्यास डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन असे नाव दिले. हे शब्द ग्रीक भाषेतून आले आहेत. त्यांतील पहिल्याचा अर्थ ‘देवाचे धान्य’ असा आहे. तो या वंशातील झाडांच्या गोड फळांचे कौतुक करतो. दुसऱ्याचा अर्थ ‘काळे लाकूड’ असा आहे. म्हणजे झाडाचे शास्त्रीय नाव फळाची आणि गाभ्याची आठवण ठेवते; ज्या पानामुळे ते आज सर्वत्र ओळखले जाते, त्या पानाचा त्यात उल्लेखही नाही.

आबनूस हा शब्दही पुष्कळ प्रवास करून आपल्याकडे आला आहे. प्राचीन इजिप्तमध्ये काळ्या लाकडास जो शब्द होता, तो ग्रीकांनी उचलला. पुढे तो अरबी आणि फारसी भाषांत गेला आणि फारसीमधून आपल्याकडे आला. इजिप्तचा राजा तूतांखामेन याची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा तीत काळ्या लाकडाच्या सुबक वस्तू मिळाल्या. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या त्या वस्तू अद्याप टिकून आहेत. मात्र इजिप्तमधील ते काळे लाकूड आफ्रिकेतील एका निराळ्या, शिसवाच्या वंशातील झाडाचे होते. आज ज्यास आबनूस म्हणतात, ते लाकूड मुख्यतः टेंभुर्णीच्या वंशातील झाडांपासून मिळते. दक्षिण भारत व श्रीलंका येथे वाढणारे खरे आबनूस हे टेंभुर्णीचे जवळचे नातलग आहे. बाजारात अलीकडे मिळणारे जपानी फळ, ज्यास पर्सिमन म्हणतात, तेही याच वंशातील एका झाडाचे फळ होय.

टेंभुर्णीचे झाड उष्ण आणि कोरड्या हवेत, पानझडीच्या अरण्यात वाढते. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतील अरण्यांत ते विपुल आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा आणि तेलंगण या राज्यांतही त्याचा मोठा विस्तार आहे. खडकाळ, निकृष्ट जमीन त्यास चालते. त्याचे सोटमूळ जमिनीत खोलवर जाते, म्हणून उन्हाळ्याच्या काहिलीतही ते तग धरते. त्याची साल काळपट असून तिला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्यामुळे खोडावर चौकोनी खवल्यांची जणू नक्षीच उमटते आणि सुसरीच्या पाठीची आठवण होते. कोवळी पाने मऊ आणि लवदार असतात. जून झाल्यावर ती चामड्यासारखी चिवट होतात. या झाडांत नर आणि मादी असा भेद असतो. नरफुले एका झाडावर येतात, तर मादीफुले दुसऱ्या झाडावर. त्यामुळे फळे फक्त मादीझाडांनाच धरतात. फळ लिंबाएवढे, गोल आणि पिकल्यावर पिवळे होते. त्याच्या देठाशी फुलाचा वाळलेला निदलपुंज छोट्या टोपीसारखा चिकटून राहतो. आतील गर गोड आणि किंचित तुरट असतो. उन्हाळ्यात अरण्यातील इतर अन्न आटलेले असताना ही फळे माणसांप्रमाणेच अस्वले, वानरे, वटवाघळे आणि पक्षी यांची भूक भागवतात. फळे खाणारे प्राणी बिया दूरवर टाकतात आणि अशा रीतीने झाडाचा प्रसार होतो.

आता या झाडाच्या खोडात डोकावून पाहू. टेंभुर्णीचे जुने खोड आडवे कापले, तर त्यात दोन निरनिराळ्या रंगांचे लाकूड दिसते. सालीच्या आतील बाजूचा रुंद पट्टा फिकट, किंचित गुलाबी किंवा करड्या रंगाचा असतो. त्यास रसकाष्ठ म्हणतात. मुळांनी शोषलेले पाणी याच भागातून वर पानांपर्यंत पोहोचते. मध्यभागी जो काळा भाग दिसतो, त्यास मध्यकाष्ठ किंवा व्यवहारात गाभा म्हणतात. झाड लहान असताना त्यात गाभा नसतो; सर्व लाकूड फिकटच असते. खोड जसजसे जाड होत जाते, तसतसे अगदी आतील जुन्या थरांचे पाणी वाहून नेण्याचे काम संपते. तेथील जिवंत पेशी हळूहळू मरू लागतात. परंतु मरण्यापूर्वी त्या आपल्यातील साठविलेल्या अन्नाचे रूपांतर गडद रंगाच्या, कडवट आणि टिकाऊ द्रव्यांत करतात. ही द्रव्ये लाकडाच्या बारीक नलिकांत व पोकळ्यांत भरून राहतात. रिकाम्या नलिका बंद होतात, लाकडाचे वजन वाढते आणि रंग काळा होतो. वाळवी आणि बुरशी यांना ही द्रव्ये रुचत नाहीत. म्हणून गाभा किडीपासून सुरक्षित राहतो. याउलट रसकाष्ठात अन्नाचा साठा असल्याने किडीस ते प्रिय असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाभ्यातील पेशी जिवंत नसतात. तरीही संपूर्ण झाडाचा भार पेलण्यास त्या मदत करतात. झाडाने वर्षानुवर्षे जे आत साठवून ठेवले, त्याचेच ते बळ असते. टेंभुर्णीत हा काळा गाभा फार मोठा नसतो. पुष्कळदा जाड खोडातही त्याचा थोडकाच भाग मिळतो, त्याची कड वेडीवाकडी असते आणि त्यात मधूनमधून तपकिरी किंवा जांभळट रेषा असतात. काही झाडांत तो नाममात्रच असतो. झाड तोडल्याखेरीज आत किती गाभा आहे हे कळत नाही आणि तोडल्यावर तो वाढविता येत नाही! म्हणून काळ्या लाकडाचा मोठा सलग तुकडा मिळणे ही दुर्मिळ गोष्ट ठरते.

या लाकडाचे गुणधर्म वजनापासून पाहू लागलो, तर ते चटकन ध्यानात येतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते, हे आपणांस ठाऊक आहे. तेवढ्याच आकारमानाचा सागवानाचा वाळलेला ठोकळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे ६५० ग्रॅम भरते; म्हणून साग पाण्यावर तरंगतो. टेंभुर्णीचे फिकट लाकूडही त्याहून जड असून तेवढ्या ठोकळ्याचे वजन सुमारे ८०० ग्रॅम होते. श्रीलंकेतील खऱ्या आबनुसाचा ठोकळा मात्र एक किलोग्रॅमहून जड भरतो आणि पाण्यात सरळ तळाशी जातो. लाकूड तरंगते, हा आपला नित्याचा अनुभव. मग हे लाकूड का बुडते? लाकडाच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या बनलेल्या असतात, तो मुळात पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे. सामान्य लाकूड तरंगते ते त्यातील पोकळ्यांत हवा भरलेली असते म्हणून. आबनुसात या पोकळ्या अगदी सूक्ष्म असतात आणि त्याही घट्ट द्रव्यांनी भरलेल्या असतात. हवेस जागाच उरत नाही, म्हणून ते बुडते.

वजनाच्या जोडीला काठिण्य येते. आबनुसावर काम करताना करवतीचे दात आणि पटाशीची धार लवकर बोथट होते. कारागिरास हत्यार वारंवार परजावे लागते. परंतु या कष्टाचे फळही मिळते. लाकडाचा पोत अतिशय बारीक असल्याने त्यावर केसासारखी नाजूक रेषा कोरता येते आणि तिची कड तुटत नाही. घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग रंगरोगणाशिवाय चकाकतो. काळा रंग वरून दिलेला नसून आतपर्यंत मुरलेला असल्यामुळे वापराने तो उडत नाही.

प्रत्येक पदार्थात गुणांबरोबर काही उणेपणही असते. आबनूस कठीण असले, तरी लवचीक नाही. वाकविण्याचा प्रयत्न केल्यास ते मोडते. वाळताना ते फार नाजूक होते. टोकांकडील ओल लवकर निघून जाते, मध्यभागातील ओल मात्र आतच राहते; या ओढाताणीत लाकडास टोकांपासून उभ्या चिरा पडतात. म्हणून जाणकार लोक त्याचे लहान तुकडे करतात, टोकांना मेण किंवा तशाच एखाद्या पदार्थाचा लेप देतात आणि सावलीत, वारा बेताने लागेल अशा जागी ते महिनोन्‌महिने ठेवतात. घाई केली की लाकूड तडकते. जे तयार होण्यास दशके लागली, ते उपयोगात आणतानाही धीर धरावा लागतो.

अशा लाकडाचा उपयोग कशासाठी होतो? ज्या वस्तू लहान असतात, हातात नित्य खेळतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्यात अशी अपेक्षा असते, त्यांसाठी आबनूस योग्य ठरते. कंगवे, काठ्यांच्या मुठी, पेट्या, बुद्धिबळाची काळी मोहरी, सुऱ्यांच्या मुठी, हस्तिदंत किंवा शिंपले यांच्या शेजारी बसविण्याची काळी नक्षी अशी कामे त्यात केली जात. उत्तर प्रदेशातील नगीना हे गाव आबनुसाच्या कोरीव कामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्य वाद्यांतही या लाकडास मानाचे स्थान मिळाले. व्हायोलिनच्या तारांखालील काळी पट्टी, जिच्यावर वादकाची बोटे सतत फिरतात, ती आबनुसाची करतात. कारण मऊ लाकडावर तारांच्या घर्षणाने लवकरच चर पडतील. पियानोच्या काळ्या पट्ट्याही पूर्वी याच लाकडाच्या असत.

सोलापूरसारख्या विणकरांच्या शहराशी या वंशाचे आणखी एक नाते सांगता येईल. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे जे साधन असते, त्यास धोटा म्हणतात. कापड विणताना धोटा दिवसभरात हजारो फेऱ्या मारतो. त्याचे लाकूड मऊ असेल तर ते झिजेल. त्याची कुसळे निघत असतील तर धागा अडकून तुटेल. म्हणून धोट्यास कठीण, बारीक पोताचे आणि घासून घासून अधिकच गुळगुळीत होणारे लाकूड लागते. अमेरिकेत वाढणाऱ्या पर्सिमन झाडाचे, म्हणजे टेंभुर्णीच्याच एका भाईबंदाचे, लाकूड कापडगिरण्यांतील धोट्यांसाठी एके काळी फार नावाजलेले होते.

टेंभुर्णीचे फिकट लाकूडही वाया जात नाही. ते चिवट असल्याने अवजारांचे दांडे, कावडीच्या काठ्या, गाडीची जुवाडे आणि झोपडीचे खांब यांसाठी अरण्याजवळचे लोक ते वापरतात. सोलापूरच्या कोरड्या मुलुखात हीच कामे बाभळीने केली. नांगर, कुळव आणि बैलगाडीचे चाक यांसाठी शेतकऱ्याने शेताच्या बांधावरची बाभूळ निवडली. दारे-खिडक्या आणि तुळया यांसाठी दूरचा सागवान आणला. देवघर किंवा पलंग यांसाठी सह्याद्रीच्या अरण्यातील शिसव मागविला. कोणत्या कामास कोणते लाकूड योग्य, हे ज्ञान आपल्या सुतारांनी अनुभवाने मिळविलेले होते. शिसवाचे लाकूडही काळपट असल्यामुळे पुष्कळदा लोक शिसव आणि आबनूस यांत गल्लत करतात. शिसव गडद तपकिरी किंवा जांभळट असतो आणि त्यात रेषांची शोभा दिसते. उत्तम आबनूस मात्र एकजात काळेभोर असते.

इतके गुण असलेले हे लाकूड आज आपल्या पाहण्यात का येत नाही? महाराष्ट्राच्या अरण्यांत टेंभुर्णी तर लक्षावधींनी उभी आहे. याचे उत्तर शोधावयाचे असेल, तर गाभ्याकडून पुन्हा पानाकडे यावे लागते.

टेंभुर्णीचे पान मोठे, मऊ आणि वाळल्यावरही सहज न फाटणारे असते. थोडा ओलावा दिला की ते पुन्हा वळविता येते आणि ते लवकर कुजत नाही. या गुणांमुळे विड्यांच्या धंद्याने या पानाची निवड केली. मोठ्या झाडाची पाने जाड आणि उंचावर असतात. ती या कामास सोयीची नसतात. कोवळी, रुंद आणि हाताशी येतील अशी पाने हवी असतील, तर झाड झुडूपच राहिले पाहिजे. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टेंभुर्णीची झुडपे छाटतात. या झाडास एक विलक्षण शक्ती लाभलेली आहे. ते वरून कितीही वेळा तोडले, तरी त्याच्या मुळांतून नवे धुमारे फुटतात. छाटणीनंतर सुमारे दीड महिन्याने या धुमाऱ्यांवर टवटवीत पाने येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत ती तोडली जातात. काही ठिकाणी धुमारे अधिक फुटावेत म्हणून अरण्यात आगही लावली जाते. त्या आगीत इतर झाडांची रोपे, पक्ष्यांची घरटी आणि जमिनीवरील असंख्य लहान जीव होरपळतात.

पाने गोळा करणे हे सोपे काम नव्हे. विदर्भातील अरण्यालगतची कुटुंबे पहाटेच्या अंधारात निघतात, ऊन चढण्यापूर्वी पाने तोडतात, घरी आणून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेतात. त्या अरण्यांत वाघ आणि अस्वल यांचाही वावर असतो. या हंगामात त्यांच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या घटना घडत आल्या आहेत. तरीही उन्हाळ्यात शेतीची कामे नसताना हाती रोख पैसा देणारे हेच एक मोठे साधन असल्यामुळे लोक हा धोका पत्करतात. उन्हात वाळविलेली पाने पोत्यांत भरून विडी-उद्योगाच्या गावी जातात. सिन्नर, अहिल्यानगर, गोंदिया यांप्रमाणेच सोलापूर हे अशा गावांपैकी एक प्रमुख गाव होय.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणावयाची. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावयाची. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने ते कापावयाचे. त्यात चिमूटभर तंबाखू घालून विडी वळावयाची. तोंड दुमडून दोऱ्याने बांधावयाची, असा हा क्रम असतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. हजार विड्या वळावयाच्या म्हणजे हजार वेळा कात्री चालवावी लागते आणि हजार गाठी माराव्या लागतात. या मजुरीवर अनेक घरांतील मुले शिकून मोठी झाली आहेत. या कामगारांच्या हितासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. ती २००६ साली त्यांच्या स्वाधीन झाली. गोदुताई परुळेकर यांचे नाव त्या वसाहतीस दिलेले आहे.

कष्टकऱ्यांचा हा आदर मनात ठेवूनही एक सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तंबाखू मनुष्याच्या शरीरास घातक आहे. विडी ओढणाऱ्याची फुप्फुसे आणि हृदय तिने दुबळी होतात, कर्करोगासारखे रोग जडतात. आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांच्याही श्वासात तंबाखूची धूळ जातेच. ज्या पानासाठी अरण्यात इतके कष्ट घेतले, ते शेवटी धूर होऊन जाते आणि मागे रोग ठेवते.

आता प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जे झुडूप दरवर्षी छाटले जाते, त्याचे खोड जाड होत नाही. खोड जाड झाले नाही, तर गाभा तयार होण्याची वेळच येत नाही. शिवाय अशा झुडपास फळेही धरत नाहीत. म्हणून पक्षी आणि अस्वले उपाशी राहतात आणि बियांपासून नवी झाडे उगवत नाहीत. दरवर्षी पान घेत राहिल्याने झाडाचे लहानपणच संपत नाही. ते मरत नाही हे खरे. पण ते मोठेही होत नाही.

मग या लोकांनी पान तोडू नये काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याच्या घरात उन्हाळ्यात धान्य नाही, त्यास शंभर वर्षांनी तयार होणाऱ्या गाभ्याची गोष्ट सांगून उपयोग नसतो. चालू वर्षाची भूक भागली, तरच पुढील वर्षांचा विचार करता येतो. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या लहानशा गावाने या प्रश्नास आपल्यापुरते एक उत्तर दिले आहे. २००६ साली झालेल्या वनहक्क कायद्यानुसार या गावास २०१२ साली आपल्या सभोवतालच्या अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला. अरण्यातील बांबूची विक्री करून गावकऱ्यांनी आपल्या उत्पन्नाची सोय लावली आणि ग्रामसभेत एकत्र बसून असे ठरविले, की तेंदूची पाने तोडून विकावयाची नाहीत. पानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि अरण्यास आगी लागतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. झाडे वाढू दिली, तर फळे माणसांना आणि पाखरांना मिळतील, असा त्यांचा विचार होता. हाती येणारा पैसा सोडण्याचा हा निर्णय त्यांनी कोणाच्या सक्तीने घेतलेला नव्हता. दुसरे उत्पन्न उभे केल्यामुळेच तो त्यांना घेता आला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

सगळ्या गावांना हाच मार्ग साधेल असे नाही. तथापि प्रत्येक अरण्यात काही मादी आणि काही नर झाडे न छाटता राखून ठेवणे, आग न लावणे आणि पाने तोडताना मुळांस इजा न करणे इतके तर करता येण्याजोगे आहे. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांनाही शिवणकाम, वस्त्रोद्योग यांसारखे निरोगी काम मिळत गेले, तर पानावरचा भार आपोआप कमी होईल. अरण्यातील झाड आणि शहरातील घर यांचे नाते असे एकमेकांत गुंतलेले असते. एकाचे हित साधावयाचे तर दुसऱ्याचा विचार सोडून चालत नाही.

आबनुसाच्या बाबतीत साऱ्या जगाने हाच धडा पुष्कळ किंमत देऊन शिकला आहे. मादागास्कर बेटावरील आबनुसाची झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. अखेर २०१३ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. काळ्या लाकडाचा लोभ धरून झाडे तोडणे आणि पानाच्या लोभाने झाडे वाढू न देणे, ही दोन टोके भिन्न दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. झाडास लागणारा वेळ देण्याची आपली तयारी नसते. म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची आबनुसाची काठी, शिसवाची पेटी किंवा सागवानी दार असेल, त्यांनी ते जुने म्हणून टाकून देऊ नये. सुताराकडून दुरुस्त करून घ्यावे, तेलपाणी करावे आणि वापरीत राहावे. जुनी वस्तू टिकविली, म्हणजे अरण्यातील एक झाड तेवढे दिवस अधिक उभे राहते.

टेंभुर्णीचे पान एका उन्हाळ्यात येते आणि जाते. तिचा गाभा मात्र अनेक उन्हाळे सोसून, सालीआड, कोणाच्या दृष्टीस न पडता तयार होत असतो. त्यास काळा रंग, काठिण्य आणि तेज ही एका दिवसात लाभत नाहीत. प्रतिवर्षी थोडेथोडे साठत गेलेले तेच पुढे शतकानुशतके टिकते. विद्या, कला आणि चारित्र्य यांचेही असेच आहे. ती वाढत असताना बाहेरून फारसे काही दिसत नाही. म्हणून त्यांना पुरेसा वेळ देण्याइतका धीर आपल्या अंगी असावा लागतो.